हिरांचा नकाशा

गेटवेवरून घारापुरीला निघालेली लाँच अर्ध्या वाटेवर आली की डाव्या हाताला तुर्भ्याचा किनारा दिसायला लागतो. खारफुटीचा हिरवा पट्टा, मागे डोंगर आणि मधे एक पांढुरका घुमट. लाँचमधली मंडळी तोवर डबे उघडून बसलेली असतात. मी मात्र लहानपणी कठड्याला चिकटून त्या घुमटाची वाट बघत असे. माझे बाबा तिथे, भाभा अणुसंशोधन केंद्रात, फिटर होते.

कामाबद्दल बाबा घरी फारसं बोलत नसत. बोलायचंच नाही, असा तिथला नियमही होता. पण त्यांच्या कामाचा अभिमान आमच्या घरात हवेसारखा भरलेला होता. लासलगावला कांद्यावर किरण सोडून त्याला मोड येण्यापासून थांबवतात, गरीब रुग्णांच्या कॅन्सरसाठी आपल्याकडे मशिन बनतं, या गोष्टी बाबा पाहुण्यांना रंगवून सांगत. आणि १९९८च्या मे महिन्यात, पोखरणची बातमी आली त्या संध्याकाळी, आमच्या वसाहतीत पेढे वाटले गेले. मी तेव्हा चौदा वर्षांची होते. चार मजले चढून उतरून मी स्वतः पेढे वाटले आहेत. त्या पेढ्यांची चव मला अजून आठवते आणि ती गोडच आठवते. पुढे जे लिहिणार आहे ते वाचताना हे लक्षात असू द्यावं, म्हणून आधीच सांगितलं.

२४ एप्रिल २०१४ला मुंबईत लोकसभेचं मतदान होतं. शिक्षिका असल्यामुळे माझी ड्यूटी लागलेली होती. दिवसभर लोकांच्या बोटांना शाई लावली, रात्री उशिरा मतदान यंत्रं जमा करून घरी आले आणि झोपले. दुसऱ्या दिवशी चहाबरोबर बातम्या वाचताना एका छोट्या बातमीवर थांबले. मार्शल आयलंड्स नावाच्या देशाने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात नऊ अण्वस्त्रधारी देशांविरुद्ध अर्ज दाखल केले होते. त्या नवांत अमेरिका होती, रशिया होता, चीन होता. आणि भारत होता. तारीख २४ एप्रिल. म्हणजे मी शाई लावत होते त्याच दिवशी.

मी भूगोल शिकवते, तरी हा देश मला नकाशात शोधावा लागला. हवाई आणि ऑस्ट्रेलिया यांच्या साधारण मधे, पॅसिफिकच्या निळ्या कागदावर पसरलेले टिपके. २९ प्रवाळद्वीपं आणि ५ सुटी बेटं. प्रवाळद्वीप म्हणजे मधे शांत पाणी आणि त्याभोवती बांगडीसारखी वाळूची अरुंद पट्टी. माणसं राहतात ती त्या पट्टीवर. सगळी जमीन मिळून १८१ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई महापालिकेच्या हद्दीच्या निम्मीसुद्धा नाही. समुद्रापासूनची उंची सरासरी दोनेक मीटर. २०२१च्या जनगणनेत माणसं भरली जेमतेम ४२ हजार. आमच्या मानखुर्दच्या एखाद्या कोपऱ्यात एवढी वस्ती मावते.

मला राग आला. आपण ज्याचं काही वाकडं केलं नाही, ज्याचं नावही धड ठाऊक नाही, अशा कोणीतरी आपल्याला कोर्टात का ओढावं? मी तणतणत बाबांना बातमी वाचून दाखवली. बाबा तोवर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि एवढंच म्हणाले, "त्यांचं म्हणणं काय आहे ते वाच आधी."

म्हणून वाचायला बसले. सुट्टी लागलेलीच होती. एक महिना वाचत राहिले.

गोष्ट १९४६ सालच्या फेब्रुवारीत सुरू होते. दुसरं महायुद्ध संपलं होतं, मार्शल बेटं जपानच्या हातून अमेरिकेच्या हातात आली होती. बिकिनी या प्रवाळद्वीपावर १६७ माणसं राहत होती. एका रविवारी, चर्चमधली प्रार्थना आटोपल्यावर, बेन वायट नावाचा अमेरिकी नौदल अधिकारी त्यांच्यासमोर बसला आणि त्याने विचारलं: मानवजातीच्या भल्यासाठी आणि जगातली सगळी युद्धं संपवण्यासाठी तुम्ही तुमचं बेट थोड्या काळासाठी सोडाल का? बिकिनीचा प्रमुख जुडा याने उत्तर दिलं, की सगळं देवाच्या हातात आहे या विश्वासाने आम्ही जाऊ. मग कॅमेरे लावून हाच प्रसंग पुन्हा घडवण्यात आला, पुन्हा पुन्हा, चित्रण मनासारखं होईपर्यंत. ती माणसं माडाखाली बसून आपलं घर सोडण्याचं तेच उत्तर परत परत देत राहिली.

मला या सगळ्या कहाणीत सर्वांत जास्त लागलेली गोष्ट ही आहे. बॉम्ब नाही. विचारणा. नाही म्हणण्याची सोय नसलेल्या माणसाला अतिशय आदबीने विचारलेला प्रश्न. धरणात, प्रकल्पात, बंदरात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या घरात कोणी मोठं झालं असेल, तर हा प्रश्न त्याला नवा नसणार.

बिकिनीच्या लोकांना रोंगेरिकवर नेलं. तिथे नारळ कमी, मासे खाण्याजोगे नाहीत. दोन वर्षं उपासमारीत काढल्यावर १९४८ला त्यांना उचलून शेवटी किली नावाच्या बेटावर ठेवलं. किलीला मधलं शांत पाणीच नाही. चारी बाजूंनी उघडा समुद्र आपटतो. आयुष्यभर शांत पाण्यात होडी घालून मासे धरलेल्या माणसांना होडी लावायला जागा नाही. १९७०च्या दशकात काहींना 'आता सुरक्षित आहे' म्हणून बिकिनीला परत नेलं. १९७८मध्ये पुन्हा हलवलं, कारण तिथलं अन्न खाऊन किरणोत्सारी द्रव्यं त्यांच्या अंगात साठत चालली होती. 'थोड्या काळासाठी' सोडलेलं ते बेट त्यांना अजून राहण्यासाठी परत मिळालेलं नाही. आणि पहिल्या चाचणीनंतर चारच दिवसांनी, जुलै १९४६मध्ये, पॅरिसमध्ये कोणीतरी पोहण्याच्या कपड्यांना त्या गावाचं नाव देऊन टाकलं. आज बिकिनी म्हटलं की जगाला कपडा आठवतो.

१९४६ ते १९५८ या काळात अमेरिकेने मार्शल बेटांत ६७ अणुचाचण्या केल्या. सगळ्यांची ताकद एकत्र करून बारा वर्षांवर पसरवली तर रोज दीड हिरोशिमांपेक्षा जास्त भरते. त्यांतली सर्वांत मोठी १ मार्च १९५४ची, 'कॅसल ब्राव्हो'. अंदाज होता पाच-सहा मेगाटनांचा, निघाली पंधरा.

त्या पहाटे लिकिएप नावाच्या बेटाजवळ नऊ वर्षांचा एक मुलगा आजोबांबरोबर मासे पकडत होता. आजोबांनी जाळं फेकलं आणि अचानक सगळं लाल झालं. आकाश, पाणी, मासे, आजोबांचं जाळं. स्फोट झाला ते ठिकाण तिथून शेकडो किलोमीटर दूर होतं. हा मुलगा म्हणजे टोनी डीब्रम. पुढे तो त्या देशाचा परराष्ट्रमंत्री झाला.

रोंगेलाप त्याहून जवळ होतं, दीडशेएक किलोमीटरवर. तिथे काही तासांनी आकाशातून पांढरी पिठी पडायला लागली. ती जळून भुगा झालेल्या प्रवाळाची राख होती. झावळ्यांवर साचली, पिण्याच्या पाण्यात उतरली. मुलं तिच्यात खेळली. रात्रीपर्यंत अंगाची आग, उलट्या. मग पुढल्या दिवसांत केस हातात यायला लागले. शेजारच्या रोंगेरिकवर असलेल्या अमेरिकी हवामान निरीक्षकांना आधी हलवलं गेलं. रोंगेलापच्या लोकांसाठी बोट आली ती दोन दिवसांनी. तोवर ते तेच पाणी पीत होते. नंतर त्यांच्या आजारांचा अभ्यास सुरू झाला, त्याला 'प्रकल्प ४.१' असं नाव होतं, आणि आपण त्या अभ्यासाचा विषय आहोत हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. १९५७ला त्यांना परत बेटावर सोडलं. १९८५मध्ये त्यांनी स्वतःच ग्रीनपीसला गळ घातली आणि 'रेनबो वॉरियर' जहाजातून, घरांचे वासेपत्रे सोबत घेऊन, आपलं गाव सोडलं.

हे वाचताना माझा राग केव्हा गेला ते कळलं नाही. पण खरी थबकले ती एका अर्जापाशी.

ब्राव्होनंतर सातच आठवड्यांनी, २० एप्रिल १९५४ला, मार्शल बेटांतल्या शंभराहून अधिक लोकांनी संयुक्त राष्ट्रांच्या विश्वस्त परिषदेकडे अर्ज पाठवला. तेव्हा तो देश नव्हता. संयुक्त राष्ट्रांनी अमेरिकेच्या हाती सोपवलेला तो विश्वस्त प्रदेश होता, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची तोच पालक. अर्जाची भाषा फार सौम्य आहे. चाचण्या ताबडतोब बंद करा, अशी पहिली विनंती. आणि बंद करणं शक्यच नसेल, तर निदान आधी माणसं आणि त्यांचं सामानसुमान हलवा, काळजी कशी घ्यायची ते शिकवा, नुकसान भरून द्या. त्यातच जमिनीबद्दल काही ओळी आहेत. त्यांचा आशय असा, की आमच्यासाठी जमीन म्हणजे नुसती पीक काढायची, घर बांधायची किंवा मेलेल्यांना पुरायची जागा नव्हे. ती आमचा जीवच आहे, ती काढून घेतलीत तर आमचे प्राणही जातात. 'मानवी हक्क' हा शब्द त्या ओळींत कुठे नाही. पण हक्कांबद्दल मी जे काही आजवर वाचलं आहे, त्यात याच्याइतकं नेमकं मला दुसरं सापडलेलं नाही.

आणि त्याच पानांमध्ये मला भारत सापडला. २ एप्रिल १९५४, म्हणजे त्या अर्जाच्याही अठरा दिवस आधी, पंडित नेहरूंनी लोकसभेत उभं राहून मागणी केली होती की निःशस्त्रीकरणाचा पूर्ण करार होईल तेव्हा होईल, पण निदान या चाचण्या आहेत तिथे थांबवा. चाचण्या थांबवण्याची मागणी इतक्या ठामपणे मांडणाऱ्या पहिल्या राष्ट्रनेत्यांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं. विश्वस्त परिषदेत तो अर्ज चर्चेला आला तेव्हा भारताने बेटांच्या लोकांची बाजू घेतली. आपण नवे स्वतंत्र झालेलो होतो, पालक म्हणवणारा मालक कसा असतो ते आपल्याला ठाऊक होतं. ते वाचून मला जो अभिमान वाटला, तो १९९८च्या पेढ्यांच्या अभिमानापेक्षा कमी नव्हता. दोन्ही अभिमान माझेच. ते एका घरात कसे नांदवायचे, हा प्रश्न मात्र तेव्हापासून माझ्याकडे राहायला आला.

मार्शल आयलंड्स १९८६मध्ये स्वतंत्र झाला, १९९१ला संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला. स्वातंत्र्य मिळालं ते अमेरिकेबरोबरच्या करारासह. अणुचाचण्यांच्या भरपाईपोटी १५ कोटी डॉलर त्यात ठरले. पुढे त्यासाठीच नेमलेल्या लवादाने हिशेब मांडला तेव्हा भरपाई दोन अब्ज डॉलरांवर गेली, आणि ती द्यायला पैसेच नव्हते. देशाच्या तिजोरीचा मोठा भाग आजही अमेरिकी मदतीतून येतो. क्वाजालीन या प्रवाळद्वीपावर अमेरिकेचा क्षेपणास्त्र तळ अजून आहे. हे सगळं मी मुद्दाम लिहिते आहे, कारण या देशाला संताचा मुखवटा चढवण्याची मला इच्छा नाही. ज्याच्या मदतीवर घर चालतं त्याच्याच देशात जाऊन त्याच्यावर दावा लावायचा, म्हणजे काय असतं ते कोणत्याही सामान्य माणसाला समजेल. हेगबरोबर त्यांनी अमेरिकेतल्या न्यायालयातही अमेरिकेविरुद्ध दावा लावला होता. तो तिथे टिकला नाही.

हेगला ते पहिल्यांदा आले होते असंही नाही. अण्वस्त्रं वापरणं कायदेशीर आहे का, हा प्रश्न १९९५मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे मत मागण्यासाठी आला, तेव्हा रोंगेलापची लिजॉन एकनिलांग तिथे उभी राहून बोलली. राख पडली तेव्हा ती लहान मुलगी होती. तिने न्यायाधीशांना आपल्या सात गर्भपातांबद्दल सांगितलं, आणि बेटावरच्या बायकांना झालेल्या अशा बाळांबद्दल सांगितलं ज्यांना हाडं नव्हती, कातडीतून आतलं दिसायचं, जी एखाद-दोन दिवस श्वास घेऊन जायची. त्या बायका त्यांना जेलीफिश बाळं म्हणत. त्यांच्या भाषेत अशा बाळांसाठी शब्द नव्हता, समुद्रातला उचलावा लागला. त्याच प्रकरणात भारतानेही लेखी म्हणणं दिलं होतं, की अण्वस्त्रांचा वापर कोणत्याही परिस्थितीत बेकायदेशीर ठरवावा. १९९६च्या जुलैमध्ये न्यायालयाने मत दिलं. वापराच्या प्रश्नावर न्यायाधीशांत फूट पडली, पण एका मुद्द्यावर सगळे एक होते: पूर्ण निःशस्त्रीकरणासाठी प्रामाणिकपणे वाटाघाटी करणं आणि त्या शेवटाला नेणं, हे राष्ट्रांवरचं बंधन आहे.

२०१४चा दावा याच एका वाक्यावर उभा होता. भारताने अण्वस्त्र प्रसारबंदी करारावर सही केलेली नाही, त्यामुळे आपल्याविरुद्धचा युक्तिवाद असा होता की हे बंधन आता करारापुरतं राहिलेलं नाही, रूढ आंतरराष्ट्रीय कायद्याने ते सगळ्यांना लागू आहे. मागणी काय होती ते वाचून मी दोनदा खात्री करून घेतली. पैसे नाहीत. माफी नाही. फक्त एवढंच, की हे देश बंधन पाळत नाहीत असं जाहीर करा, आणि एका वर्षाच्या आत ते पाळण्यासाठी पावलं उचलायला सांगा. ज्यांच्या अंगावर राख पडली, ते स्वतःसाठी एक पैसा न मागता, पुन्हा कोणाच्या अंगावर पडू नये एवढं मागायला आले होते. आमच्या मुंबईवर पडू नये, हेही त्यात आलंच.

नऊपैकी सहा देशांनी या न्यायालयाचा अधिकार मानलाच नाही. तो आधीपासून मान्य केलेले भारत, पाकिस्तान आणि ब्रिटन हे तिघेच उरले. मार्च २०१६मध्ये सुनावणी झाली. भारताविरुद्धच्या प्रकरणात पहिल्याच दिवशी टोनी डीब्रम उभे राहिले आणि त्यांनी ती लाल झालेली पहाट सांगितली. सुनावणीचा शब्दशः मजकूर न्यायालय प्रसिद्ध करतं. एका संध्याकाळी मी तो बाबांना मराठीतून सांगत गेले. बाबा ऐकत होते. मग गप्प झाले. मला वाटलं, त्यांना वाईट वाटलं असेल, त्यांच्या आयुष्यभराच्या कामाला मी नाट लावला असेल.

बऱ्याच वेळाने म्हणाले, "आम्हाला आत जाताना बिल्ला लावावा लागायचा. ठाऊक आहे ना तुला?"

मला अर्धवट ठाऊक होतं. बाबांनी मग हातवारे करून सांगितलं. दाराशी रॅक असायचा, त्यावर प्रत्येकाचा नंबर. आपला बिल्ला काढायचा, शर्टाच्या खिशाला लावायचा, काम संपलं की परत तिथेच अडकवायचा. ठरावीक दिवसांनी ते बिल्ले मोजायला जायचे. कोणाच्या अंगाला किती किरणं लागली, त्याचा आकडा यायचा, नोंदवहीत चढायचा. आकडा वाढला तर त्या माणसाला त्या कामावरून काढून दुसरीकडे लावायचे. "मला एकदा तीन महिने बाहेर ठेवलं होतं," बाबा म्हणाले. "तेव्हा चिडलो होतो मी."

मग त्यांनी स्वतःच्या रिकाम्या खिशावर हात ठेवला. "त्या पोरांच्या खिशाला कोणी लावला होता बिल्ला?"

माझ्या वडिलांनी मानवी हक्कांवर एकही पुस्तक वाचलेलं नाही.

निकाल लागला ५ ऑक्टोबर २०१६ला. न्यायालयाने मूळ प्रश्नाला हातच घातला नाही. अर्ज दाखल झाला त्या दिवशी मार्शल आयलंड्स आणि भारत यांच्यात 'वाद' अस्तित्वात होता हे सिद्ध होत नाही, म्हणून आम्हाला अधिकार नाही, असं म्हटलं. अर्जाच्या आधी, २०१४च्या फेब्रुवारीत, मेक्सिकोत झालेल्या परिषदेत मार्शल आयलंड्सने सगळ्यांसमोर सांगितलं होतं, की अण्वस्त्रं बाळगणारे देश आपलं कायदेशीर बंधन पाळत नाहीत. भारत तिथे हजर होता. पण ते बोलणं मोघम होतं, भारताचं नाव घेऊन नव्हतं, त्यामुळे आपल्याला विरोध आहे हे भारताला कळायला हवं होतं असं म्हणता येत नाही, असा निष्कर्ष निघाला. भारताच्या प्रकरणातला निकाल ९ विरुद्ध ७. ब्रिटनच्या बाबतीत ८ विरुद्ध ८, मग अध्यक्षांचं निर्णायक मत.

मी कायदा शिकलेली नाही. भारताची बाजू मला समजते. शेजार कसा आहे ते कोणी मला सांगायला नको, आणि 'आम्ही पहिला वार करणार नाही' हे आपलं धोरण मला आजही मोलाचं वाटतं. तरीही निकाल वाचून मला आनंद झाला नाही. साठ वर्षं जे एकच गोष्ट सांगत आले, त्यांना 'तुम्ही पुरेसं स्पष्ट सांगितलं नाहीत' म्हणून दारातून परत पाठवणं मला पटलेलं नाही. आपण जिंकलो असं मला त्या दिवशी म्हणता आलं नाही.

डीब्रम ऑगस्ट २०१७मध्ये गेले. त्याआधी डिसेंबर २०१५मध्ये पॅरिसच्या हवामान परिषदेत तापमानवाढ दीड अंशावर रोखण्याचा आग्रह करारात यावा म्हणून श्रीमंत आणि गरीब देशांची मोट त्यांनीच बांधली होती. शेवटच्या दिवशी त्या गटातल्या लोकांनी कोटावर झावळीच्या पातीची छोटी वेणी टाचली होती. आणि समारोपाच्या बैठकीत मार्शल आयलंड्सने आपला वेळ सेलिना लीम या अठरा वर्षांच्या मुलीला दिला होता.

हा झावळीचा धागा मनात राहिला म्हणून मी एका सुट्टीत त्यांचे जुने नौकानयनाचे नकाशे शोधले. ते पाहून मी बाबांना हाक मारली. कारण ते हिरांचे आहेत. आपण ज्यांचा खराटा बांधतो तेच नारळाचे हीर, एकमेकांवर आडवे-तिरपे बांधलेले, काही सरळ, काही वाकवलेले. जिथे बेट तिथे कवडी. किनाऱ्याची रेघ नाही, अंतर नाही, दिशा दाखवणारा बाण नाही. वाकवलेले हीर म्हणजे लाटा. दूरवरून येणारी संथ लाट बेटाला अडली की वळते, दोन्ही बाजूंनी फिरून पलीकडे स्वतःलाच भेटते, आणि तो हेलकावा बेट नजरेला पडण्याच्या खूप आधी जाणत्याला होडीच्या तळाशी जाणवतो. नकाशा होडीत न्यायचा नसतो. किनाऱ्यावर शिकायचा, पाठ करायचा आणि घरी ठेवून समुद्रात जायचं.

आम्ही एक करून पाहिला. गच्चीवर जुना खराटा सोडला, आईच्या सारीपाटाच्या डब्यातल्या कवड्या घेतल्या. हीर वाकवायला गेलं की माझ्या हातून मोडत होते. बाबांनी ते रात्रभर पाण्यात भिजवायला लावले. फिटरचे हात, सकाळी त्यांनी एकेक हीर हव्या तेवढ्या बाकात आणून दोऱ्याने असा आवळला की गाठ दिसू नये. शेवटची कवडी लावून नकाशा हातभर लांब धरला आणि म्हणाले, "एवढीशी कवडी, आणि हीर बघ किती वाकलेत."

तो नकाशा आता माझ्या वर्गाच्या भिंतीवर आहे. दर १ मार्चला मी त्यासमोर एक तास घेते. त्या दिवशी मार्शल आयलंड्समध्ये अणुबळींच्या स्मरणाची सार्वजनिक सुट्टी असते. अभ्यासक्रमात हे कुठे नाही, पण प्रवाळद्वीपं आहेत, तेवढं मला पुरतं. मुलांना मी पुढचंही सांगते. हेगहून परतल्यावर तीन वर्षांनी, २०१९मध्ये, हा देश संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेवर निवडून आला. त्या मेजावर सत्तेचाळीस खुर्च्या असतात आणि चीनचं मत एक, मार्शल आयलंड्सचंही एकच. २०२१च्या ऑक्टोबरमध्ये हवामानबदल आणि मानवी हक्क यांवर लक्ष ठेवणारा स्वतंत्र तज्ज्ञ नेमण्याचा ठराव परिषदेत झाला. त्यासाठी या देशाने आधीपासून जोर लावला होता. ठरावाच्या बाजूने ४२ मतं पडली. भारत तटस्थ राहिला, हेही मी मुलांना सांगते. ऑक्टोबर २०२२ला अणुचाचण्यांमुळे त्यांच्या लोकांच्या हक्कांचं जे झालं, त्याची दखल घेणारा ठराव मतदानाविनाच मंजूर झाला. १९५४च्या अर्जानंतर अडुसष्ट वर्षांनी. २०२५पासून तीन वर्षांसाठी ते पुन्हा त्या परिषदेवर आहेत.

मार्शल बेटांतल्याच एनेवेताक या प्रवाळद्वीपावरच्या घुमटाचं चित्रही दाखवते. रुनित नावाच्या बेटावर चाचणीने पडलेल्या खड्ड्यात किरणोत्सारी माती-मलबा भरून १९७०च्या दशकाच्या शेवटी त्यावर काँक्रीटचं झाकण घातलं. तळाला काहीच घातलेलं नाही, खाली प्रवाळ आणि त्यात शिरणारा समुद्र. वरून पाहिलं तर गोल, राखाडी, शांत. लाँचमधून दिसणारा आमचा घुमट मुलांना ठाऊक असतो, त्यामुळे कोणीतरी हमखास म्हणतं, "टीचर, हा तर आपल्यासारखा आहे." मी हो म्हणते आणि दोन्हींतला फरक समजावते. बिल्ल्याची गोष्टही तेव्हाच सांगते.

या वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. ती सहसा बोलत नाही. तिने विचारलं, "टीचर, पण ते केस हरले ना?"

"हो. ९ विरुद्ध ७."

"मग पुन्हा कोर्टात गेलेच नाहीत?"

"गेले ना," मी सांगितलं. "२०२४च्या डिसेंबरमध्ये. हवामानाच्या प्रश्नावर आपलं म्हणणं मांडायला. त्याच शहरात, त्याच कोर्टात."

तिने वहीत तारीख लिहून घेतली.